जिवाणूंना जागा हवी

मनमाड सोडून गाडी नांदगावकडे निघाली की पहिले स्थानक पानेवाडीचे. तालुका नांदगावचा, जमीन बहुतांश कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा; आणि या माळावर पेट्रोल-डिझेल साठवणाऱ्या प्रचंड टाक्या उभ्या आहेत. मुंबईतल्या माहुलहून निघालेली भारत पेट्रोलियमची सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीची नळवाहिनी १९९८ पासून इथे इंधन आणते. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे या भागात पोहोचली, तेव्हा वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगावला उतरून टांग्याने घाट चढत. तेव्हापासून हा तालुका वाहतुकीच्या वाटेवर आहे. आता त्या वाटेने माणसांइतकेच तेलही येते.

याच तालुक्यात खरिपात मका होतो. येवला, मालेगाव, चांदवड, नांदगाव या पट्ट्यात बाजरीची बरीचशी जागा मक्याने घेतली. कणसाचे दाणे मळणीयंत्रातून निघून बाजार समितीत जातात आणि मागे उरतो तो कणसाचा गाभा. तो चुलीत जातो, नाही तर बांधावर पडून राहतो.

तेल आणि मक्याचे हे रिकामे कणीस यांचा एकमेकांशी संबंध असेल असे कुणाला सुचणार नाही. तो संबंध खरा आहे. सांडलेले तेल खाऊन टाकणारे जिवाणू याच कणसाच्या भुकटीवर बसवून ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर वापरले गेले. त्या भुकटीपर्यंत पोहोचायला माणसाला जवळपास दोनशे वर्षे लागली. त्या दोनशे वर्षांत संशोधकांनी जिवाणू शोधले, ओळखले, त्यांना नावे दिली, त्यांच्यात फेरबदल केले. पण यश आले ते प्रत्येक वेळी जिवाणूंना बसायला योग्य जागा मिळाल्यावर. हा इतिहास त्या जागेचा आहे.

ढलप्यांचे पिंप आणि वाळूची नळी

१८२३ साली जर्मनीत शुत्झेनबाख नावाच्या उद्योजकाने सिरका करण्याची नवी पद्धत काढली. तोपर्यंत पिंपात मद्य भरून ठेवायचे आणि ते आंबट होण्याची महिनोन् महिने वाट पाहायची, अशी रीत होती. शुत्झेनबाखने उंच पिंपात बीच या झाडाच्या लाकडाच्या ढलप्या भरल्या, वरून मद्यार्क थेंबथेंब सोडला आणि खालून हवा आत येईल अशी भोके ठेवली. महिन्यांचे काम काही दिवसांवर आले. ढलप्यांवर एक बुळबुळीत थर साचतो आणि तो धुऊन काढला तर सिरका होत नाही, हे कारागिरांच्या लक्षात आले होते. तो थर जिवंत आहे हे मात्र कुणाला ठाऊक नव्हते. १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी सिरक्याचा अभ्यास करून त्यामागचे सूक्ष्मजीव दाखवून दिले. म्हणजे जिवाणूंची ओळख पटण्याआधी चाळीसएक वर्षे त्यांच्यासाठी कारखान्यात घर बांधून झाले होते.

दुसरा मोठा टप्पा फ्रान्समधला. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी काचेची एक लांब नळी वाळू आणि चुनखडीने भरली आणि तिच्यातून संथपणे सांडपाणी सोडत राहिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून गेलेला अमोनिया खाली तसाच उतरत होता. मग अचानक खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. ही निव्वळ रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवसांची ती प्रतीक्षा म्हणजे वाळूच्या कणांवर कुणीतरी वस्ती करत असल्याची खूण होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून बागेतल्या मातीचे पाणी सोडले, ती पुन्हा सुरू झाली. जिवंत काहीतरी वाळूला धरून बसले आहे, हे या साध्या प्रयोगाने सिद्ध झाले. ते जीव वेगळे काढून दाखवण्याचे काम पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी केले.

या प्रयोगाने सांडपाण्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. तोवर वाळूची गाळणी म्हणजे चाळणी, असा समज होता. आता कळले की वाळू घाण नुसती अडवत नाही. घाण खाणाऱ्यांना ती थारा देते.

प्लेगच्या मुंबईत

१८८७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळाने लॉरेन्स गावी, मेरिमॅक नदीच्या काठी, प्रयोगकेंद्र उघडले. तिथे वाळू आणि खडीच्या थरांवर सांडपाणी थांबून थांबून सोडण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे झाले. मधल्या विश्रांतीत थरांत हवा शिरते आणि जिवाणूंना श्वास घेता येतो, हे तिथे पक्के झाले. त्याच सुमारास लंडनमध्ये विल्यम डिब्डिन हे रसायनतज्ज्ञ एक धाडसी गोष्ट सांगत होते: सांडपाण्यात औषधे घालून जीव मारू नका, त्या जीवांनाच काम करू द्या. बार्किंग इथे त्यांनी एक एकराचे गाळणकुंड बांधले आणि ते कोकच्या चुऱ्याने भरले. कोक म्हणजे सच्छिद्र कोळसा. १८९३ साली सॅलफर्डचे अभियंता जोसेफ कॉर्बेट यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. कुंड भरणे-रिकामे करणे सोडून त्यांनी दगडांच्या ढिगावर सांडपाण्याचा सतत शिडकावा सुरू केला. पाणी दगडांवरून पातळ थरात ओघळते, मधल्या फटींतून हवा खेळते आणि दगडांवरचा बुळबुळीत थर पाण्यातली घाण खातो. झिरपगाळणी नावाने ही पद्धत जगभर गेली.

याच काळात मुंबईत काय चालले होते? शहराचा मैला वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रातून समुद्रात ढकलला जात होता. सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीस आला आणि शहरातली गटारे, मोऱ्या, चाळींतली कोंदट घरे सगळ्यांच्या तोंडी आली. प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो हे कळायला अजून अवकाश होता. पण घाणीचा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिला नाही.

माटुंग्याला तेव्हा महारोग्यांसाठी एक आश्रम होता. १८९० साली तो उभा राहिला तो महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने. मराठी वाचकांना अ‍ॅक्वर्थ वेगळ्या कारणानेही ठाऊक असावेत: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी मराठी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह केला. या आश्रमाचे सांडपाणी शहराच्या गटारांत सोडणे कठीण होते. तिथे बंद टाकी बांधून जिवाणूंकरवी मैला कुजवण्याचा प्रयोग झाला आणि १८९७ साली त्या टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले. मैल्याच्या वायूवर इंजिन चालल्याच्या जगातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत माटुंग्याचे नाव घेतले जाते. मुंबई महापालिकेचे ड्रेनेज अभियंता सी. सी. जेम्स यांनी पूर्वेकडील शहरांच्या मलनिःसारणावर नंतर ग्रंथ लिहिले. विलायतेतल्या थंडीसाठी आखलेले नकाशे इथे जसेच्या तसे चालत नाहीत, उष्ण हवेत जिवाणू अधिक झपाट्याने काम करतात, पाऊस एकाच हंगामात कोसळतो, हे प्रश्न त्या पिढीपुढे होते.

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी आणखी एक शोध जाहीर केला. सांडपाण्यात हवा फुंकल्यावर खाली बसणारा गाळ फेकून न देता पुन्हा वापरला तर शुद्धीकरणाचा वेग कितीतरी वाढतो. त्या गाळात जिवाणू एकमेकांनाच चिकटून कण बनवतात. बाहेरचा दगड नसला तरी ते एकमेकांचा आधार होतात. या कामाची दिशा ज्यांनी दाखवली ते गिल्बर्ट फाउलर १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि पुढची अनेक वर्षे भारतातच राहिले. जिवाणू वाहून जाऊ द्यायचे नाहीत, हे सूत्र अशा रीतीने भारतातल्या प्रयोगशाळेत रुजले.

छिद्रांच्या आत

दगड, कोक, ढलपी किंवा भुकटी यांवर बसल्याने जिवाणूला काय मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे मुक्काम. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. वाहत्या पाण्यात तो मोकळा असेल तर पाण्याबरोबर निघून जातो. पृष्ठभागावर टेकला की तो शर्करेचा चिकट पदार्थ सोडतो, त्यात स्वतःला आणि शेजाऱ्यांना रोवून घेतो आणि काही दिवसांत तिथे जैवपटल तयार होते. त्यामुळे पाणी पुढे गेले तरी खाणारा जागेवर राहतो.

दुसरी गोष्ट संरक्षण. पाण्यात आणि मातीत जिवाणूंना खाणारे मोठे एकपेशीय प्राणी असतात. छिद्र जिवाणूला शिरता येईल एवढे मोठे आणि त्या प्राण्यांना शिरता येणार नाही एवढे लहान असेल, तर आतली वस्ती वाचते. विषारी रसायनांचा अचानक लोट आला तरी जैवपटलाच्या वरच्या थराला मार बसतो आणि आतल्या पेशी बऱ्याच अंशी तगतात. सच्छिद्र कण पाणीही धरून ठेवतो, म्हणून उन्हात ओल टिकते.

तिसरी गोष्ट शेजार. तेलासारखा पदार्थ शेकडो वेगवेगळ्या संयुगांचा बनलेला असतो आणि एकाच जातीला ते सगळे पचत नाहीत. एकाने अर्धवट तोडलेले दुसरा पुढे तोडतो. ही साखळी चालायची तर खाणारे एकमेकांजवळ असावे लागतात.

मर्यादाही आहेत. जैवपटल फार जाड झाले तर प्राणवायू आतपर्यंत पोहोचत नाही आणि आतला थर सडतो. छिद्रे चोंदली तर पाणी फिरत नाही. म्हणूनच जिवाणूंना धरून ठेवणारा हा आधार, म्हणजे वाहक, निवडणे ही कला आहे: छिद्रे किती मोठी, कण किती हलका, पाण्यात किती टिकतो, स्वस्त मिळतो का, आणि काम संपल्यावर त्याचे काय होते.

पुडीतले जिवाणू

नांदगावच्या शेतकऱ्याला हे तत्त्व परके नाही. हरभरा, तूर, मूग पेरताना तो जिवाणू खताची पुडी फोडतो, गुळाच्या पाण्यात काळी भुकटी कालवतो आणि बियाण्याला चोळतो. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम, ही शिफारस तोंडपाठ असते. ती काळी भुकटी म्हणजे बहुधा लिग्नाइट, कच्चा कोळसा, आणि तिच्या छिद्रांत रायझोबियमची वस्ती.

या पुडीमागेही मोठा प्रवास आहे. डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो, हे हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ साली मांडले. १८९६ मध्ये नोबे आणि हिल्टनर यांनी या जिवाणूंचे संवर्धन बाजारात आणले, पण जिलेटिनवर वाढवलेले जिवाणू शेतात पोहोचेपर्यंत तग धरत नसत. जिवाणू तेच, पीक तेच, तरी परिणाम अनिश्चित. पीट ही दलदलीतली सच्छिद्र, ओल धरणारी माती वाहक म्हणून वापरात आली तेव्हा कुठे पुडीला भरवसा आला. भारतात डाळींच्या गाठींतल्या जिवाणूंवरचा पहिला अभ्यास म्हणून पुसा येथील एन. व्ही. जोशी यांच्या १९२० च्या कामाचा उल्लेख होतो. आपल्याकडे चांगले पीट दुर्मीळ, म्हणून पुढे लिग्नाइट आणि लोणारी कोळसा हे वाहक पुढे आले. आज खत नियंत्रण आदेशानुसार अशा भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. पुडीचा कस ठरतो तो तिच्यातले किती जिवाणू जिवंत उरले यावर, आणि ते वाहकावर अवलंबून असते.

प्रयोगशाळेतही याच दिशेने काम चालू होते. १९६० च्या आसपास जपानमध्ये हत्तोरी आणि फुरुसाका यांनी रेझिनच्या मण्यांवर जिवाणू बसवून त्यांच्या क्रिया मोजल्या. १९७३ साली तानाबे सेइयाकू या जपानी कंपनीने जेलमध्ये कोंडलेल्या जिवाणूंकडून अ‍ॅस्पार्टिक आम्ल कारखान्याच्या प्रमाणावर करून घेतले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात एस. एफ. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या सुती कापडावर एका चिकट बहुवारिकाचा लेप देऊन त्यावर यीस्टच्या पेशी घट्ट बसवल्या. महागड्या रेझिनऐवजी कापड वापरण्यामागे इथल्या खिशाचा विचार होता.

खटल्यातला पेंढा

तेल खाणारे जिवाणू निसर्गात पूर्वीपासून आहेत. समुद्रतळातून तेल हजारो वर्षे पाझरत आले आहे आणि त्यावर जगणाऱ्या जाती समुद्रात तयार झाल्या आहेत. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्लॉड झोबेल यांनी १९४६ साली या विषयाचा मोठा आढावा लिहिला, तेव्हापासून हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या विषयाला एका भारतीय माणसामुळे जगभर प्रसिद्धी मिळाली. बंगालमध्ये जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करत होते. तेलातली वेगवेगळी संयुगे पचवण्याची क्षमता देणारी वेगवेगळ्या जिवाणूंमधली प्लाझ्मिडे, म्हणजे जनुके वाहणारी डीएनएची लहान वलये, त्यांनी एकाच स्यूडोमोनास जिवाणूमध्ये आणली आणि १९७२ साली पेटंटसाठी अर्ज केला. जिवंत वस्तूचे पेटंट मिळू शकते का, यावर खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला.

या खटल्याची चर्चा नेहमी जिवाणूंभोवती फिरते. पण अर्जातले दावे तीन प्रकारचे होते: जिवाणू तयार करण्याची रीत, स्वतः ते जिवाणू, आणि तिसरा प्रकार म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यासारख्या वाहकावर बसवलेले ते जिवाणू. पेटंट परीक्षकाने रीत आणि पेंढा दोन्ही आधीच मान्य केले होते. वाद उरला तो फक्त जिवाणूंचा. म्हणजे हे जिवाणू समुद्रावर नुसते ओतून भागणार नाही, त्यांना तरंगता आधार लागेल, हे चक्रवर्तींनी सुरुवातीपासूनच धरले होते. न्यायालयात जिंकलेले ते जिवाणू तेलगळतीवर कधी वापरले गेले नाहीत. जनुके बदललेले जीव उघड्या समुद्रात सोडण्याची तयारी कोणत्याच शासनाची नव्हती. पेंढ्याची कल्पना मात्र टिकली.

कणसाची भुकटी

भारतात या कल्पनेला आकार दिला तो दिल्लीच्या टेरी या संस्थेने. डॉ. बनवारी लाल यांच्या नेतृत्वाखाली, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर, तेलाने माखलेल्या मातीतून तेल पचवणारे स्थानिक जिवाणू वेगळे काढण्यात आले. त्यांची जनुके बदललेली नव्हती. निरनिराळ्या जातींची एक टोळी जमवली गेली: कोणी सरळ साखळीची संयुगे खाणारा, कोणी वलयी संयुगे, कोणी डांबरासारखा जड भाग. या मिश्रणाला ऑइलझॅपर हे नाव मिळाले.

पुढचा प्रश्न वाहतुकीचा होता. बाटलीतले द्रव संवर्धन लवकर मरते आणि तेलाच्या डबक्यात ओतले की पसरून विरते. वाहक हवा होता स्वस्त, हलका, सच्छिद्र, भारतभर मिळणारा आणि काम झाल्यावर मातीत कुजून जाणारा. निवड झाली दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीची. कणसाच्या गाभ्यात भेंडासारखा मऊ भाग आणि भोवती कठीण वलय असते. दळल्यावर मिळणारे कण पाणीही धरतात आणि तेलही शोषतात. जिवाणू ज्या कणावर बसलेले असतात त्याच कणाकडे तेल खेचले जाते, अन्न दाराशी येते. ही भुकटी निर्जंतुक पिशव्यांत बंद करून साध्या तापमानाला सुमारे तीन महिने टिकते. शीतगृह लागत नाही.

तिची पहिली परीक्षा तेलशुद्धीकरण कारखान्यांत झाली. मोठ्या टाक्यांच्या तळाशी वर्षानुवर्षे चिकट काळा गाळ साचतो आणि तो कुठे टाकायचा हा प्रत्येक कारखान्याचा प्रश्न असतो. बरौनी आणि मथुरा इथे तेलकट गाळ मातीत पसरवून, त्यात जिवाणूंची भुकटी आणि नत्र-स्फुरद मिसळून, पाणी शिंपडून, माती वरचेवर नांगरून गाळातले तेल उतरवण्यात आले. नांगरणी हवा खेळवण्यासाठी, खत वाढीसाठी, पाणी ओलीसाठी. शेतकऱ्याने हे पाहिले असते तर त्याला ती ओळखीची मशागत वाटली असती. २००७ साली ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून ओटीबीएल ही कंपनी काढली आणि ही भुकटी मोठ्या प्रमाणावर वापरात आली.

सात ऑगस्ट २०१०

शनिवार, ७ ऑगस्ट २०१० ची सकाळ. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडलेले एमएससी चित्रा हे कंटेनरवाहू जहाज आणि बंदराकडे येणारे खलिजिया-३ हे मालवाहू जहाज मुंबई बंदराच्या मुखाशी एकमेकांवर आदळले. चित्राच्या कुशीला भगदाड पडले आणि जहाज एका अंगावर कलंडले. त्यावर हजाराहून अधिक कंटेनर होते. शेकडो समुद्रात कोसळले आणि त्यांतल्या काहींमध्ये कीटकनाशके होती. इंधनाच्या टाक्यांतून सुमारे ८०० टन जड तेल पाण्यात उतरले. तरंगत्या कंटेनरमुळे बंदराची वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली.

पावसाळी बंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा दोन-अडीच आठवड्यांवर होती. कोळीवाड्यांत जाळी दुरुस्त करून होड्या तयार होत होत्या. नेमके तेव्हा काळा तवंग उरण, घारापुरी, अलिबागच्या बाजूचे किनारे आणि नवी मुंबईतल्या तिवरांच्या दिशेने सरकला. लोकांनी मासे घेणे बंद केले. वर्षभराच्या कमाईची सुरुवात ज्या दिवसांत व्हायची ते दिवस कोळ्यांनी रिकाम्या हाताने काढले.

तटरक्षक दलाने हवेतून आणि जहाजांवरून तेल फोडणारी द्रव्ये फवारली. पण किनाऱ्याला लागलेल्या तेलावर फवारणी चालत नाही. जड तेल वाळूत मिसळून डांबराचे गोळे होते, तिवरांच्या श्वासमुळांवर बसते, खडकांच्या फटींत शिरते. तिथे आधी फावड्या-घमेल्यांनी जाड थर उचलावा लागतो. उरते ते वाळूच्या कणाकणाला धरून बसलेले तेल. ते घमेल्याने निघत नाही. या टप्प्यावर मुंबईच्या किनाऱ्यावर ऑइलझॅपर उतरले. मक्याच्या भुकटीवर बसलेले जिवाणू तेलकट वाळूत मिसळले गेले आणि आठवडे-महिने चालणारे त्यांचे संथ काम सुरू झाले. पेशीतील विकरे प्राणवायू वापरून तेलाची साखळी टोकाकडून तोडतात, तुकडे पेशीत जळतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, उरणला ओएनजीसीच्या वाहिनीतून गळती झाली तेव्हाही किनारा स्वच्छ करायला हीच भुकटी आणली गेली.

जिवाणूंची मशागत

या यशाचे माप नीट घेतले पाहिजे. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्झॉन वाल्डेझ जहाजातून सुमारे ३७,००० टन कच्चे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर बाहेरचे जिवाणू न सोडता नत्र-स्फुरदाची खते देण्यात आली. तिथल्याच जिवाणूंनी ती वापरून तेल तोडण्याचा वेग वाढवला. बाहेरून आणलेले जिवाणू खुल्या समुद्रात किती काम करतात आणि स्थानिक किती, यावर शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत. खवळलेल्या समुद्रात भुकटी विखुरते. बंदिस्त जागी, कारखान्याच्या आवारात, खड्ड्यातल्या गाळात ती सर्वाधिक प्रभावी ठरते. प्राणवायू पोहोचत नाही अशा खोल चिखलात तिचा उपयोग थोडा. आणि कोणतीही भुकटी निष्काळजीपणाला पर्याय होऊ शकत नाही: टाकीची गळती वेळेत शोधणे, वाहिनीची तपासणी, जहाजांची शिस्त ही पहिली कामे आहेत.

तरीही दोन शतकांच्या या प्रवासातून एक गोष्ट निर्विवाद हाती लागते. बीचच्या ढलप्या, नदीतली वाळू, कोकचा चुरा, पेंढा, लिग्नाइट, सुती कापड, मक्याचे कणीस: वाहक म्हणून जे जे चालले ते बहुतेक वेळा जवळ पडलेले, कुणाला नको असलेले होते. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकच्या लहान चकत्या सांडपाण्यात फिरत्या ठेवून त्यांवर जैवपटल वाढवण्याची पद्धत निघाली आणि ती आज जगभर आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. एच. एस. शंकर यांनी माती, झिजलेला खडक आणि झाडे यांचे थर रचून सांडपाणी शुद्ध करणारी 'सॉइल बायोटेक्नॉलॉजी' उभी केली. तत्त्व तेच; थारा वेगवेगळा.

नांदगाव शहरातून शाकांबरी आणि लेंडी या नद्या जातात. तालुक्यात गिरणा धरण आहे आणि तरीही मनमाडसारख्या गावांनी पाण्यासाठी दीर्घकाळ हाल सोसले आहेत. जिथे थेंब मोलाचा तिथे वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे ही चैन राहत नाही, गरज होते. त्यासाठी नगरपालिकांना आणि कारखान्यांना जिवाणूंच्या बाटल्या विकायला येणारे पुष्कळ आहेत; गटारात, तलावात, शौचकूपात ओता आणि निर्धास्त व्हा, असे ते सांगतात. शुत्झेनबाखच्या पिंपापासून उरणच्या वाळूपर्यंतचा सगळा अनुभव याच्या उलट साक्ष देतो. जिवाणू जवळजवळ सगळीकडे आधीच आहेत. त्यांना टिकायला पृष्ठभाग, श्वास घ्यायला हवा, ओल आणि नत्र-स्फुरद देणारा अभियंता आणि रोज ते तपासणारा कामगार, हेच दुर्मीळ आहेत. पैसा खर्च करायचाच असेल तर तो त्यांच्यावर करावा.